मारेकऱ्याचे नाव पहिल्या ओळीत

६ जानेवारी, सोमवार

ज्याच्या कृपादृष्टीने कोरा कागद ओस वाटत नाही आणि भरलेल्या कागदाचा गर्व उरत नाही, त्या दयाघनाला नमस्कार करून या नव्या वहीचे पहिले पान उघडतो. हाताचा कंप वाढला आहे. अक्षर पूर्वीचे राहिले नाही. जे लिहीन ते खरे लिहीन, एवढे बळ त्याने द्यावे.

आता विषय. तो सांगताना थोडा संकोच होतो, कारण विषय आहे खून. एक नव्हे, नऊ. आणि ते सर्व माझ्या धाकट्या बहिणीने केलेले आहेत, अर्थात कागदावर.

धाकटी एकतीस वर्षे सरकारी इस्पितळाच्या शवविच्छेदन विभागात टंकलेखक होती. डॉक्टर बोलत, ती टंकित करी. सेवानिवृत्त झाल्यावर, आणि माझी पत्नी निवर्तल्यावर, ती माझ्याकडे राहावयास आली. मागच्या खोलीत खिडकीपाशी तिने टंकयंत्र मांडले आणि दोन वर्षांत 'नववा अहवाल' नावाची रहस्यकादंबरी लिहून काढली. मला वाटत होते, बाई पत्रे लिहीत असेल. गेल्या महिन्यात ती छापून आली, आणि आमच्या वाचनालयाने एक प्रत घेतली.

मी त्या वाचनालयाच्या समितीचा अध्यक्ष आहे. चाळीस वर्षे पाठशाळेत शास्त्रग्रंथ शिकवले, त्यामुळे लोक गुरुजी म्हणतात आणि माझा शब्द सहसा कोणी खोडत नाही. प्रकाशकाने धाकटीला कळवले आहे की तिचे दुसरे पुस्तक घ्यावयाचे की नाही, हे तो वाचनालयातील वाचकांचे अभिप्राय पाहून ठरवील. पंधरा फेब्रुवारीस समितीची बैठक आहे. तेथे अभिप्राय वाचून, शिफारस द्यावी की देऊ नये, याचा निर्णय होईल.

आमच्याकडची रीत अशी. नव्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा असतो. वाचून झाले की वाचक दिनांक घालून, नाव न घालता, चिठ्ठी त्यात टाकतो. अध्यक्षाची चिठ्ठी मात्र खिशात जात नाही. ती पहिल्या पानासमोर पुठ्ठ्याच्या आत चिकटवतात, वाचकाला दिशा मिळावी म्हणून. ही रीत मीच एकोणीस वर्षांपूर्वी घातली. चरित्रे, प्रवासवर्णने, धर्मचिंतन यांवर माझ्या चिठ्ठ्या पुष्कळ आहेत. रहस्यकथेवर एकही नाही. मी त्या वाचत नाही.

आज ग्रंथपाल बाईंनी पुस्तक माझ्या हाती दिले. "चार जणांनी वाचलं, गुरुजी. चौघांनी एका बैठकीत. आता तुमची पाळी."

८ जानेवारी, बुधवार

सकाळचे पठण आटोपून 'नववा अहवाल' हाती घेतला.

कोणत्याही ग्रंथाचे तात्पर्य ठरवावयाचे तर त्याचा आरंभ आणि शेवट प्रथम एकत्र पाहावा, असे आम्हांस गुरुमुखातून शिकविले गेले. दोन टोके जुळली की मधला धागा आपोआप हाती येतो. त्यानंतर पाहावे, कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे, कोणती नवी आहे, फळ काय सांगितले आहे. जन्मभर मी याच पद्धतीने वाचत आलो. म्हणून पहिले प्रकरण वाचले आणि लगेच शेवटचे उघडले.

धाकटी चहा घेऊन आली.

"दादा, तू शेवटचं पान वाचतोयस."

"हो."

"आणि पहिलं?"

"ते झालं."

"मधली दोनशे पानं?"

"आता घेतो. काय शोधायचं ते कळलं की वाचणं सोपं जातं."

"वहिनीनं तुझ्याबरोबर चाळीस वर्षं कशी काढली कोण जाणे," असे म्हणून तिने पेला ठेवला आणि निघून गेली. या बोलण्याचा पुस्तकाशी काय संबंध, ते मला लागले नाही. चहात साखर नव्हती.

१२ जानेवारी, रविवार

ग्रंथ पूर्ण झाला. प्रामाणिकपणे लिहितो: मी नाखुशीने बसलो होतो. हिंसेच्या वर्णनात मन रमवणे मला कधी रुचले नाही. शिवाय आपली बहीण इतकी वर्षे शेजारच्या खोलीत हे सर्व मनात बाळगून होती, याचे किंचित भयही वाटले.

पण ग्रंथ तसा नाही. एकट्या वृद्ध कामगारांचे एक वसतिगृह आहे. चार वर्षांत तेथील नऊ जण मरतात. प्रत्येक मृत्यू नैसर्गिक म्हणून नोंदला जातो, कारण त्यांना विचारणारे कोणी नसते. इस्पितळातील एका टंकलेखक बाईच्या लक्षात येते की नऊही अहवालांत एकच वाक्य आहे: नखे नुकतीच कापलेली, केस विंचरलेले. डॉक्टरांना ते दिसत नाही, पोलिसांना ते महत्त्वाचे वाटत नाही. तिला ते पुरते. ही गोष्ट पुनःपुन्हा येते आणि प्रत्येक वेळी अधिक जड होते.

दुपारी चिठ्ठी लिहिली. येथे उतरून ठेवतो.

"या ग्रंथातील नऊ हत्या वसतिगृहाच्या मृदुभाषी व्यवस्थापकाने केलेल्या आहेत, हे प्रथम ध्यानी घेऊन वाचकाने आरंभ करावा, म्हणजे आडवाटांत चित्त भटकणार नाही. ग्रंथाचे तात्पर्य हत्येत नाही. ज्या नऊ माणसांची कोणी चौकशी केली नाही, त्यांच्या नखांची, केसांची, सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीची नोंद एका बाईने ठेवली. ती नोंद हेच यातील पुण्यकर्म होय. मृताचे नाव नीट लिहिणे हीदेखील प्रार्थना आहे. लेखिका माझी भगिनी असल्यामुळे याहून अधिक स्तुती करीत नाही."

संध्याकाळी चिठ्ठी ग्रंथपाल बाईंकडे दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"गुरुजी, हे असंच चिकटवू?"

"असंच."

"पहिली ओळसुद्धा?"

"पहिली ओळ तर मुख्य."

त्यांनी डिंकाची बाटली काढली. काही बोलावयाचे त्यांच्या ओठांवर आले होते असे वाटले. बहुधा मजकुराने त्यांचे मन हेलावले असावे.

२० जानेवारी, सोमवार

दोन चिठ्ठ्या नव्या आल्या. अध्यक्ष या नात्याने मला त्या पाहता येतात.

पहिली: "व्यवस्थापकावर अगदी सुरुवातीपासून नजर जाते. रहस्य शून्य."

दुसरी: "सगळं आधीच कळलं. मग दोनशे चाळीस पानं कशाला?"

मला नवल वाटले. पूर्वीच्या चार चिठ्ठ्या पुन्हा काढून पाहिल्या. एकीत लिहिले आहे, "शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, जेवण करपलं." दुसरीत, "तेराव्या प्रकरणात मी छातीठोकपणे डॉक्टरला धरलं होतं. चारीमुंड्या चीत."

एकाच ग्रंथावर एवढे भिन्न मत कसे? शास्त्रात अधिकारभेद सांगितला आहे. ज्याची जशी तयारी तसे त्याला ग्रहण होते. पहिले चार वाचक मंदबुद्धी असावेत आणि पुढचे दोघे तीक्ष्ण, अथवा याच्या उलट. निश्चित सांगता येत नाही.

घरी धाकटीला सांगितले नाही. निर्णय होईपर्यंत अध्यक्षाने लेखकाशी बोलू नये, तो लेखक घरातला असला तरी.

२९ जानेवारी, बुधवार

आणखी तीन. "झोप चांगली लागली." "खुनी माहीत, कारण माहीत, उरलं काय? कंटाळा." तिसरी मात्र निराळी: "व्यवस्थापक चहा घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा अंगावर काटा आला. तोच आहे हे ठाऊक असल्यानं जास्तच. म्हाताऱ्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं." या वाचकाचा अधिकार मोठा दिसतो.

गेल्या गुरुवारपासून टंकयंत्राचा आवाज ऐकू येत नाही. आधी मला तो आवाज पठणात अडथळा वाटे. आता पठण करताना मध्येच थांबून मी कान देतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज नियम मोडला. आता चिठ्ठ्या अकरा झाल्या. माझ्या चिठ्ठीनंतरच्या सातांपैकी सहा प्रतिकूल आहेत. शिफारस मिळणे कठीण दिसते. थोरल्या भावाने वेळीच चार शब्द सांगितले नाहीत तर सांगावे कोणी?

ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती.

"धाकटे, एक बोलू का? राग मानू नकोस."

"तू असं विचारलंस की मी आधीच मानून घेते. बोल."

"तुझी भाषा स्वच्छ आहे. अंतःकरण आहे. पण मारेकरी फार उघडा पडला आहे."

तिचे हात थांबले. "उघडा पडलाय?"

"वाचकांना तो पहिल्या पानापासून कळतो. पुढच्या वेळी जरा झाकून ठेव."

"कोणी उघडा पाडला, दादा?"

"लेखकाशिवाय कोण पाडणार?"

ती हसू लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, आणि तरी हसत राहिली. मग एकदम थांबली. एक वाटाणा घरंगळत माझ्या पायाशी आला होता, तो तिने उचलला.

"तुला खरंच वाटतं असं?" तिने विचारले.

"मी कशाला खोटं बोलू?"

"तेच तर," ती म्हणाली. "तुला खोटं बोलताच येत नाही. तिथंच सगळं अडतं." मग आवाज न चढवता: "दुसऱ्या पुस्तकाची पानं मी बांधून कपाटात टाकलीयत. झालं तेवढं पुरे. सहासष्टाव्या वर्षी लोकांकडून 'झोप चांगली लागली' ऐकायला जीवात बळ उरलं नाही."

चिठ्ठ्यांतला मजकूर तिला कसा कळला, हे विचारावयाचे राहून गेले. ती दर शनिवारी वाचनालयात जाते, हे नंतर आठवले.

मला वाईट वाटले. माझा सल्ला मात्र योग्य होता.

९ फेब्रुवारी, रविवार

बारावी चिठ्ठीही आली, तीही प्रतिकूल. बैठकीसाठी गोषवारा करावयाचा म्हणून बारा चिठ्ठ्या मेजावर दिनांकानुसार ओळीने मांडल्या. मांडल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. पहिल्या चार अनुकूल. पाचवीपासून सात प्रतिकूल आणि एक अनुकूल. मध्ये जणू कोणी भिंत घातली आहे.

ही भिंत बारा जानेवारीस उभी राहिली. त्या दिवशी असे काय घडले असावे? वही उघडून पाहिले. त्या दिवशी मी चिठ्ठी चिकटवली, याशिवाय काही घडलेले नाही. माझी चिठ्ठी तर वाचकाला साहाय्य करणारी होती. उलट तिच्यानंतर अभिप्राय सुधारावयास हवे होते.

तर्क खुंटला की जाणत्यास विचारावे. निवृत्त बसवाहक, ज्यांना सारे घंटीवाले म्हणतात, त्यांनी हे पुस्तक नेले होते असे ग्रंथपाल बाई म्हणाल्या. ते रोज सकाळी वाचनालयासमोरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचतात. त्यांना विचारीन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जे घडले ते जसेच्या तसे लिहितो.

घंटीवाले बाकावर होते. मी शेजारी बसलो.

"तुम्ही 'नववा अहवाल' वाचलंत का?"

"वाचलं कसलं. सुरू केलं." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "गुरुजी, एक विचारू? तुमचं आणि बहिणीचं काही वाजलंय का?"

"नाही. का?"

"मग बिचारीवर एवढा डूख कशासाठी?"

"कसला डूख?"

ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जसे एखाद्या प्रवाशाने उलट दिशेच्या बसमध्ये बसून तिकीट मागितले असावे. "गुरुजी, तुम्ही पहिल्याच ओळीत माणूस धरून दिलात. मी चष्मा पुसून, तंगड्या पसरून बसलो होतो. पुठ्ठा उघडला. व्यवस्थापकानं मारलं. संपलं. प्रवास सुरू होण्याआधी शेवटचा थांबा."

"पण ते कळल्याने आडवाटांत चित्त भटकत नाही."

"अहो, भटकायलाच तर घेतात ही पुस्तकं."

मी म्हणालो, "आमच्या ग्रंथांचा शेवट सर्वांना ठाऊक असतो. म्हणून कोणी श्रवण सोडत नाही."

"तुमच्या ग्रंथात काय होतं ते आम्हाला जन्मापासून माहीत. म्हणून तर बायकोबरोबर येऊन मागं डुलक्या घेतो." मग त्यांचे त्यांनाच वाईट वाटले असावे. "तसं नाही, गुरुजी. तुमचा आवाज चांगला आहे. पण हे पुस्तक निराळं. यात लेखक लपवतो आणि आपण शोधतो. तुम्ही लपाछपीत मधे उभे राहून बोट दाखवलंत."

मी विचारले, "हे सर्वांना असंच वाटलं?"

"सर्वांना. कुणाची छाती होती तुम्हाला सांगायची? मी चिठ्ठीत लिहिलं, 'सगळं आधीच कळलं.' म्हटलं, समजणारा समजेल."

समजणारा समजला नव्हता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ग्रंथपाल बाईंना विचारले, "तुम्ही मला का सांगितलं नाही?"

त्या नोंदवहीवर रेघ ओढत होत्या. रेघ पूर्ण केल्यावरच बोलल्या. "गुरुजी, सगळ्यांना वाटलं तुम्ही जाणूनबुजून लिहिलंत. बहिणीनं असलं पुस्तक लिहिलं ते तुम्हाला पसंत नाही, म्हणून. मी दोनदा विचारलंही होतं."

हे वाक्य दिवसभर कानांत आहे. अज्ञानाने केलेले पाप आणि द्वेषाने केलेले पाप यांत शास्त्र भेद करते. ज्याला इजा झाली त्याला तो भेद दिसत नाही.

एक मोह झाला, तो लिहून ठेवतो. चिठ्ठी गुपचूप काढून टाकावी. पाणी लावले की डिंक सुटतो. कोणी विचारणार नाही. पण मागच्या खिशातल्या आठ चिठ्ठ्या तशाच राहतील, आणि त्या धाकटीला बुडवतील. उलट सभेत मान्य करावे, तर भाऊ बहिणीची वकिली करतो आहे असे म्हणतील. चाळीस वर्षांत माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही. त्या पुंजीवरच मी म्हातारपण काढत होतो, हे आज कळले.

दुपारी डोळा लागला नाही. वडील आठवले. मी सहा-सात वर्षांचा असताना ते मला ग्रंथातली कथा रोज थोडी सांगत. "पुढे काय झालं?" असे मी विचारी, आणि ते "उद्या" म्हणून दिवा उचलून नेत. शेवट त्यांना ठाऊक होता. मला नव्हता. ज्या कथा आज मला पाठ आहेत, त्या माझ्यात शिरल्या त्या 'उद्या'च्या वाटेने. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा एक हक्क असतो. तो मी आठ जणांकडून हिरावून घेतला आणि वर त्यांना दिशा दाखवली म्हणून समाधान मानले.

घरी अजून बोललो नाही. तिच्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही. आधी सभा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बैठक झाली. सात सभासद होते. त्यांतले दंतवैद्य नेहमीप्रमाणे घड्याळ मेजावर काढून बसले.

ते म्हणाले, "बारा चिठ्ठ्यांत सात विरोधी. शिफारस नको. पुढचा विषय घ्या."

मी म्हणालो, "चिठ्ठ्या दिनांकाच्या क्रमाने वाचून दाखवतो." चार वाचल्या. पाचवीच्या आधी माझी चिठ्ठी मोठ्याने वाचली, पहिल्या ओळीपासून. मग उरलेल्या आठ. मग चष्मा काढला आणि म्हणालो, "या सात वाचकांनी माझ्या बहिणीचं पुस्तक नापसंत केलं नाही. माझ्या चिठ्ठीनंतर जे उरलं ते नापसंत केलं. मी हे मुद्दाम केलं नाही, पण केलं मीच. ज्या पद्धतीने मी शास्त्र वाचतो त्या पद्धतीने हे वाचलं आणि इतरांनाही वाचायला लावलं. चूक माझी आहे. ती कार्यवृत्तात लिहा."

ग्रंथपाल बाई लिहीत होत्या, त्या थांबल्या.

मग दंतवैद्य म्हणाले, "शेवट सांगितल्यानं पुस्तक पडत असेल, तर पुस्तकच कच्चं, नाही का?"

"मंगळवारपर्यंत माझं हेच मत होतं," मी म्हणालो. "तुम्ही वाचलंत का ते?"

दंतवैद्यांनी घड्याळाकडे पाहिले. "नाही. उद्या नेणार होतो. म्हटलं, विरोध करायचा तर वाचून करावा."

"मग?"

"मग काय, गुरुजी. तुम्ही आत्ता भर सभेत पुन्हा सांगितलंत. व्यवस्थापक."

सभेत हशा पिकला. दंतवैद्यही हसले, आणि माझे कान तापले असतानाही मी हसलो. कबुली देताना अपराध पुन्हा घडला, असे उदाहरण मला कोणत्याही ग्रंथात आढळलेले नाही.

हसण्यानंतर काम सोपे झाले. ठराव असा: शिफारस वा विरोध काहीच न करता बाराही चिठ्ठ्या क्रमाने प्रकाशकाकडे पाठवाव्यात, त्यांच्यावर अध्यक्षाचे खुलाशाचे पत्र असावे. रहस्यकथांना यापुढे अध्यक्षाची चिठ्ठी नसावी. दोन्ही एकमताने. दुसऱ्या ठरावाला माझा हात सर्वांच्या आधी वर गेला.

पत्र तिथेच बसून लिहिले. शिफारस मिळाली असती तर बरे झाले असते. तेवढा अधिकार माझ्याजवळ उरला नव्हता.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी धाकटीला सर्व सांगितले. उभ्यानेच सांगितले. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून काही शिवत होती.

"बस, दादा. शिक्षा झाल्यासारखा उभा राहू नकोस."

मी बसलो. "तुला ठाऊक होतं?"

"चिकटवलीस त्याच्या पुढच्या शनिवारी वाचली."

"मग काढून का टाकली नाहीस? मला का बोलली नाहीस?"

तिने दोरा दातांनी तोडला. "कात्री घेऊन गेले होते एकदा. पर्समध्ये. म्हटलं, पहिली ओळ तेवढी कापते, कुणाला कळतंय. पुठ्ठा उघडला आणि बाकीची पुन्हा वाचली."

"मग?"

"कापता आली नाही. चौघांनी लिहिलं, छान, पत्ता लागला नाही. बरं वाटलं. पण त्या नऊ जणांबद्दल कुणी अक्षर लिहिलं नव्हतं. गुंडीबद्दल तर कुणीच नाही." तिने शिवण मांडीवर ठेवली. "ती गुंडी खरी होती, दादा. माझ्या तिसऱ्या वर्षी एक म्हातारे आले होते. सदऱ्याची एकच गुंडी तुटलेली, तिथं त्यांनी दोरा गुंडाळून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी लिहिलं. तेव्हापासून वाटायचं, कुणीतरी वाचेल."

"आणि तू आयुष्यभर मी काय टाइप करते ते कधी विचारलं नाहीस," ती म्हणाली. "वाईट म्हणून नाही सांगत. तू तुझ्या पोथ्यांत होतास. म्हणून ती चिठ्ठी मला ठेवायची होती. पुस्तक बुडालं तर बुडालं, असंही एक दिवस वाटलं. दुसऱ्या दिवशी तुझा गळा धरावासा वाटला."

"धरायचा होतास."

"वाटाणे सोलत होते ना त्या दिवशी. हात गुंतले होते."

मी तिची क्षमा मागितली. मी थोरला आहे; आमच्या घरात थोरल्याने धाकट्याची क्षमा मागितल्याचे मला स्मरत नाही. ती म्हणाली, "बरं." आणि पुन्हा सुईत दोरा ओवू लागली. तिला ओवता येईना, म्हणून मी ओवून दिला. माझ्या कापऱ्या हाताने तो तिसऱ्या प्रयत्नात गेला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

प्रकाशकाचे पत्र आले. धाकटीने ते मला मोठ्याने वाचावयास लावले. त्याने लिहिले आहे की पहिल्या चार चिठ्ठ्या त्याला पुरेशा आहेत. शेवट ठाऊक असूनही ज्याच्या अंगावर काटा आला ती एक चिठ्ठी त्याहून मोलाची आहे. आणि अध्यक्षांचे पत्र त्याने कार्यालयात सर्वांना वाचून दाखवले. दुसऱ्या पुस्तकाचे हस्तलिखित तीन महिन्यांत पाठवावे. छापण्याचे वचन त्याने दिलेले नाही, पाहून ठरवतो म्हणतो. धाकटी म्हणाली, एवढे खूप झाले.

दुपारी तिने कपाटातून पानांचा गठ्ठा काढला, सोडला आणि माझ्यासमोर ठेवला.

"वाच. चुका काढ. पण माणसासारखा वाच."

गठ्ठा उचलला. सवयीने अंगठा तळाशी गेला. शेवटचे प्रकरण नव्हते.

"उपसंहार कुठं आहे?"

"माझ्याकडे राहील."

"तात्पर्य कसं ठरवू?"

"ठरवू नकोस. पुढं काय होतं ते बघ."

दिवस मावळेपर्यंत सहा प्रकरणे वाचली. एका बंद कारखान्याच्या पहारेकऱ्याची बायको नाहीशी झाली आहे. कोणी नेली, कुठे नेली, मला ठाऊक नाही. पहारेकऱ्याच्या भावावर माझा संशय आहे; शेजारणीवरही आहे. चहा निवून गेला. मागच्या खोलीत टंकयंत्र चालू होते. मध्येच थांबले तेव्हा मीही पानावर बोट ठेवून थांबलो, आणि ते पुन्हा सुरू झाल्यावर पुढे वाचू लागलो.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पुढच्या पानावर काय आहे हे मला माहीत नाही.

जो सर्वांचा शेवट जाणतो आणि तरी कोणाला तो आधी सांगत नाही, त्या दयाळूने वाचणाऱ्या प्रत्येकावर कृपा करावी. आवडले त्यांच्यावर करावी, ज्यांना झोप लागली त्यांच्यावरही करावी. त्यांच्या दिव्याला तेल असावे, डोळ्यांना उजेड असावा, जवळ कोणी हाक मारणारे असावे. ज्यांना विचारणारे कोणी नाही, त्यांचे नाव कोणाच्या तरी हातून नीट लिहिले जावे. आणि पान उलटण्याची उत्सुकता सर्वांना अखेरच्या दिवसापर्यंत पुरावी.